पँगोलिन्सची सभा आणि मला न सांगितलेलं सिंगापूर

सिंगापूरला जायचं नाही, असं मी काही वर्षं ठरवून बसले होते. तिथे माझा धाकटा भाऊ निखिल राहतो, आणि बाबा गेले तेव्हा तो नाशिकला आला नाही. फोनवरसुद्धा आला नाही. "नोकरीच्या पासच्या रिन्यूअलचं अडकलंय ताई, आत्ता देश सोडला तर परत घेणार नाहीत," असं त्याची बायको ऋचा म्हणाली. अग्नी मी दिला. वर्षश्राद्धाला तो टोपी घालून आला, घाईघाईने परत गेला, आणि त्यानंतर आमचं बोलणं दिवाळी आणि वाढदिवसापुरतं उरलं.

यंदा आईनेच विषय काढला. "मला एवढा प्रवास झेपत नाही. तू जा, निखिलच्या ईराला बघून ये. भावाशी नाही बोललीस तरी चालेल."

मग गेले. तुम्ही जाणार असाल तर आधी कामाचं: व्हिसा एजंटकडून बिनबोभाट होतो, मुंबईहून थेट विमान घ्या, आणि कपडे सुतीच न्या. चांगी विमानतळ इतका गार आणि चकचकीत आहे, की बाहेर पडल्यावर अंगावर ओलं घोंगडं टाकल्यासारखं होतं. निखिल न्यायला आला होता. पाया पडला, बॅग उचलली आणि टॅक्सीत खिडकीबाहेर बघत बसला. मनात म्हटलं, बरं, असंच तर असंच.

त्याचा फ्लॅट मरीन परेडला, समुद्राच्या बाजूला. तिथे एमआरटी, म्हणजे तिथली मेट्रो, अजून पोचलेली नाही, रस्ते बांधकामाच्या पत्र्यांनी अडवलेले. पण बस वेळेवर येते आणि वरच्या मजल्यावरची पुढची जागा मिळाली तर वेगळी शहरफेरी करायची गरज नाही. खाली हॉकर सेंटर, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांचं मोठं आवार आहे. सकाळी नारळाचा गोड काया जॅम लावलेला टोस्ट, अर्धकच्ची अंडी आणि कॉफी. पाच-सहा डॉलरमध्ये माणूस दुपारपर्यंत निवांत. शाकाहारी असाल तर इंडियन स्टॉल शोधा, नाहीतर भाजीतही सुकट निघते. मी एका टेबलावरचं टिश्यूचं पाकीट उचलून नाक पुसलं, तर आठ वर्षांची ईरा किंचाळली, "आत्या, cannot lah! ती कुणाचीतरी सीट आहे!" तिथे लोक पाकीट ठेवून जागा धरतात म्हणे, आणि पाकीट जागेवर राहतं. आपल्याकडे माणूस बसलेला असला तरी जागा जाते.

ऋचाने मला लिटिल इंडियात नेलं. चोवीस तास उघड्या असणाऱ्या त्या अवाढव्य दुकानात मला ज्वारीचं पीठ आणि कोकम मिळालं. दुसऱ्या दिवशी निखिलने रजा काढली, आम्ही हार्बरफ्रंटला उतरून सेंटोसा बेटावर चालत गेलो. छान रुंद वाट आहे, पाण्यावरून जाते, जरूर चाला. पण तो बोलताना मधेच थांबायचा. "ताई, ते बघ, ते..." आणि पुढचा शब्दच नाही. समोर केबल कार लटकत होती. मला वाटलं, माझ्याशी बोलायचा कंटाळा. मीही मदत केली नाही.

तेव्हाच त्याने सांगितलं, "शनिवारी संध्याकाळी क्लबची सभा आहे. येशील? ऋचा येत नाही."

क्लब म्हणजे रग्बी लीगचा. हा खेळ मला ठाऊक नव्हता, म्हणून तुम्हालाही सांगते. एका बाजूला तेरा जण, लांबट चेंडू, आणि चेंडू घेऊन पळणाऱ्याला अडवून पाडायचं. आपल्या कबड्डीतली पकडच, फक्त समोरचा बैलासारखा धावत येतो. निखिल शाळेत कबड्डी खेळायचा, त्यामुळे ऑफिसातल्या मित्रांनी त्याला ओढलं असावं. क्लबचं नाव पँगोलिन्स, म्हणजे खवले मांजर. हा क्लब बंद पडला होता. आता राष्ट्रीय स्पर्धेच्या आयोजकांनी विचारलं होतं, परत येता का? त्यावर सभा.

सभा एका बिल्डिंगच्या तळमजल्यावर. सिंगापुरातल्या सरकारी निवासी इमारतींचा तळमजला मोकळा सोडलेला असतो. लग्नं तिथेच होतात, मयताला लोक तिथेच जमतात. प्लास्टिकच्या खुर्च्या, पंखे, कोपऱ्यात उसाच्या रसाचा डबा. मी मागच्या रांगेत बसले. सगळं इंग्रजीत, पण कळत होतं. चेन नावाचा एक तरणाबांड गडी तावातावाने म्हणत होता, "जर्सी आहेत, मुलं आहेत, मैदान मिळतंय. आत्ता नाही तर कधीच नाही."

समोर उभा होता फरीद, जुना कॅप्टन. मलय माणूस, चाळिशीचा, खांदे दारात मावणार नाहीत असे. तो म्हणाला, "माझा विरोध आहे. आपण हा क्लब का बंद केला, हे नवीन मुलांना माहीत नसेल. आपल्याच मैदानावर, सरावात, माझ्याच गुडघ्याने, निकचं डोकं फुटलं. मेंदूत रक्तस्राव झाला. डॉक्टरांनी कवटी उघडली. हा माणूस किती दिवस बेशुद्ध होता ते मी पाहिलंय."

निक म्हणजे निखिल.

मला आधी वाटलं, मी चुकीचं ऐकलं. मग वाटलं, दुसरा कुणी निक असेल. पण सगळ्यांचे चेहरे माझ्या भावाकडे वळले होते, आणि त्याचा चेहरा माझ्याकडे. पांढराफटक. त्याला वाटलं असावं, इंग्रजी चर्चेत ताईला काही कळणार नाही, किंवा कुणी हा विषयच काढणार नाही. की मला कळावं म्हणूनच त्याने आणलं होतं? मी अजून विचारलेलं नाही.

मी उभी राहिले. "कधी?" मराठीतच विचारलं, तेवढ्या लोकांसमोर.

"बाबांच्या वेळी," तो म्हणाला.

मी समोरची खुर्ची धरली. कुणीतरी म्हणालं, "ही निकची बहीण. मॅडम, तुम्ही काही बोलाल का?" मी म्हणाले, "आय डिड नॉट नो. आय केम टू नो नाऊ." एवढंच जमलं. मी बाहेर आले आणि झाडाखालच्या बाकावर बसले.

मागून फरीद आला. हातात उसाचा रस. ग्लास माझ्या शेजारी ठेवला आणि स्वतः जमिनीवरच बसला.

"तुम्हाला खरंच माहीत नव्हतं?"

मी नाही म्हणून मान हलवली.

"मी रोज हॉस्पिटलला जायचो," तो म्हणाला. "इंडियाहून घरचे येतील, त्यांच्या पाया पडेन, माफी मागेन, असं ठरवलं होतं. कुणीच आलं नाही. मला वाटलं, तुम्ही इतके रागावलात, की माझं तोंडही बघायचं नाही तुम्हाला. मी रोज लिफ्टकडे बघत बसायचो."

मी नाशिकच्या घराच्या दाराकडे बघत बसले होते. माझा भाऊ येईल म्हणून. हा इथे लिफ्टकडे बघत होता, आम्ही येऊ म्हणून. आणि दोघांनीही समोरच्याला किती वाईट ठरवलं! नाही, चुकलं. त्याने स्वतःला वाईट ठरवलं. मी भावाला.

मला रडू आलं नाही. ग्लास उचलायला गेले, तर रस साडीवर सांडला.

आम्ही आत गेलो तेव्हा निखिल बोलत होता. सावकाश, शब्द शोधत. "शुद्धीवर आल्यावर मला कळलं, माझे वडील गेले. मग कळलं, माझ्यामुळे क्लबही बंद केलात. वडिलांचं माझ्या हातात नव्हतं. क्लबचं आहे. मी आता कधीच खेळणार नाही, डॉक्टरांनी सांगितलंय. पण माझ्या नावाने थांबू नका. मी मेलेलो नाही."

चेन खाली बघत होता. फरीद पुढे जाऊन उभा राहिला. मग म्हणाला, "माझी अट आहे. मैदानावर डॉक्टर हवा, आणि डोक्याला लागलेल्या कुणालाही बाहेर काढायचा हक्क माझा. कप हातातोंडाशी आला असला तरी. कुणी वाद घालायचा नाही."

हात वर झाले. एकेक करून सगळे, शेवटी फरीदचाही. पँगोलिन्स परत खेळणार.

बसने घरी आलो. दार ऋचाने उघडलं. माझ्याकडे बघून तिला कळलं.

"ताई, तुमचा फोन आला तेव्हा मी ऑपरेशन थिएटरच्या बाहेर होते," ती म्हणाली. "ईरा कडेवर. तुम्ही म्हणालात, बाबा गेले. आईंना एकाच दिवशी दोन्ही कसं सांगणार होते मी? पास म्हटलं, आणि मग पासच राहिला."

"नंतर सांगायचं होतं," मी म्हणाले.

"नंतर तू इतकी चिडली होतीस," निखिल म्हणाला, "मला वाटलं, चिडलेली बरी. निदान आई धास्तावून बसणार नाही."

मी त्याच्या डोक्याला हात लावला. केसांखाली कानामागून वरपर्यंत एक खाच आहे. लहानपणी मी त्याला तेल लावायचे, हे डोकं मला पाठ होतं. आता नाही.

उरलेल्या मुक्कामात बोटॅनिक गार्डनला गेलो. फुकट आहे, सकाळी लवकर जा, डबा न्या. निखिल ऑर्किडचं नाव विसरला की मी सुचवायला जायचे, पण मलाही यायचं नाही, मग दोघं "जांभळं ते" म्हणून पुढे जायचो.

नाशिकला परतले. लोक विचारतात, सिंगापूर कसं आहे? स्वच्छ आहे, महाग आहे, चालायला सोपं आहे. खरं सांगायचं तर माझ्या डोळ्यांपुढे ती प्लास्टिकची खुर्ची येते. कित्येक वर्षं मी भाऊ मुद्दाम आला नाही या गोष्टीवर रागावून होते, आणि ती गोष्ट घडलेलीच नव्हती.

आईला निखिलने स्वतःच व्हिडिओ कॉलवर सांगितलं. ती शेवटपर्यंत ऐकत राहिली. "डोकं खाली कर," म्हणाली. त्याने केलं. तिने चष्मा पुसून स्क्रीनवर बघितलं, बराच वेळ. मला वाटलं, आता रडेल. ती म्हणाली, "तो दवाखान्यात आमची वाट बघणारा मुलगा कोण? त्याला फोन लावून दे."

निखिलने फरीदला जोडून घेतलं. स्क्रीनवर तो मोठा चेहरा आला, घाबरलेला. आईला इंग्रजी येत नाही, त्याला मराठी. मी भाषांतर करायला सरसावले, पण आईने हाताने मला थांबवलं.

"बाळा," ती म्हणाली, "आम्हाला माहीतच नव्हतं रे. माहीत असतं तर आलो असतो."

फरीदला एक अक्षर कळलं नसणार. तो डोळे पुसत म्हणत राहिला, "येस, आंटी. येस, आंटी."