गुळ्ळेअक्काचं नाक

माझी बायको हातात येईल त्या वस्तूचा आधी वास घ्यायची. भाजी, नवी साडी, पोस्टातनं आलेलं कार्ड, काहीही. पाहुण्यांना ते विचित्र वाटायचं. पण पीण्यातल्या, म्हणजे कानडी मुलखातल्या कारखान्यांच्या वसाहतीतल्या, आमच्या शेडमध्ये त्या नाकाला मान होता, आणि त्याच नाकाला मी फसवलं. मी जेमतेम चौथी शिकलेला माणूस, लिहायची सवय नाही. पण हे सांगितलं नाही तर माझ्याबरोबर जळून जाईल, म्हणून लिहितो.

शेडमध्ये तिला सगळे गुळ्ळेअक्का म्हणत. गुळ्ळे म्हणजे कन्नडात बुडबुडा. नव्वदनंतरचा काळ. मळीच्या गॅसवर चालणारी मोठाली इंजिनं तेव्हा कारखान्यांत बसत होती, आणि त्यांचे गॅसचे व्हॉल्व्ह दुरुस्तीला आमच्याकडं येत. हा व्हॉल्व्ह इंजिनाला लागेल तेवढा गॅस सोडतो आणि इंजिन बंद केलं की पुरता मिटतो. मिटलाच पाहिजे. जरा उघडा राहिला तर बंद इंजिनात गॅस साठत जातो आणि पुढच्या खेपेला चालू करणाऱ्याच्या तोंडावर भडका उडतो. व्हॉल्व्हची झडप जिथं टेकते ते सीट. ते पेस्ट लावून हातानं घासायचं काम आम्हा तिघा कारागिरांचं. पास की नापास, हे बघायचं काम अक्काचं.

मिटलेल्या व्हॉल्व्हला एका बाजूनं हवा द्यायची, दुसऱ्या बाजूची नळी पाण्याच्या टबात सोडायची आणि बघत बसायचं. भिंतीवर घड्याळ होतं, पण तिचा विश्वास पाढ्यावर. एकोणतिसाचा पाढा सावकाश दोनदा म्हणायची. तेवढ्यात एक बुडबुडा आला तरी व्हॉल्व्ह परत. शेडमधल्या कानडी आणि तमिळ गड्यांना मराठी येत नव्हतं, एकोणतिसाचा पाढा मात्र पाठ होता. "एकच तर आला अक्का, स्वल्प अॅडजस्ट करा," असं कुणी म्हटलं की म्हणायची, "तो एक कुणाच्या तोंडावर फुटणार, त्याचं नाव सांग. मग सोडते."

टबाच्या आधी नाक. कारण सीटला तेलाचं बोट फिरवलं की बारीक चरा बुजतो, पाण्यात बुडबुडा येत नाही आणि कामचुकार माणूस सुटतो. मग गरम इंजिनापाशी तेल सुकतं आणि चरा उघडा पडतो. म्हणून सगळ्यांचे व्हॉल्व्ह ती हुंगून घ्यायची. फक्त माझा नाही. गडी चिडवायचे, "अक्का, अण्णांचा वास नको काय?"

"त्यांचा वास ठाऊक आहे मला. पंधरा वर्षं नांदतेय," ती म्हणायची. सगळी शेड हसायची. मीपण हसायचो.

पास झालेल्या व्हॉल्व्हला ती तांब्याची पट्टी बांधायची आणि पट्टीवर पंचनं तीन ठिपके मारायची. तीन ठिपके असले की बाहेरचे लोक आत उघडून बघत नसत.

एका कारखान्याचा बसण्णा नावाचा ऑपरेटर व्हॉल्व्ह न्यायला सकाळपासून येऊन बसला होता. भला माणूस. अक्काच्या डब्यातली चटणी हक्कानं मागून खायचा. त्याचं इंजिन बंद पडलं होतं आणि शेडचा मालक माझ्या डोक्यावर उभा. मी सीट घासून दिलं, तिनं परत केलं. पुन्हा दिलं, पुन्हा परत. तिसऱ्यांदा परत करताना ती सगळ्यांसमोर म्हणाली, "हात आज घरी ठेवून आलात की काय?" गडी खो खो हसले. बसण्णाही हसला.

ते हसणं मला झोंबलं. बायकोनं तीनदा काम तोंडावर फेकलं, एवढंच डोक्यात राहिलं. मी कोपऱ्यात गेलो, सीटवरनं तेलाचं बोट फिरवलं आणि व्हॉल्व्ह तिच्या हातात दिला. तिनं हुंगला नाही. दोनदा पाढा म्हटला. पाणी गप्प. "बघा, जमलं की नाही," म्हणाली आणि तीन ठिपके मारले. तिचा तो खूश झालेला चेहरा आठवला की मी अजून पुढ्यातलं ताट सारतो.

आठवड्यात बातमी आली. बसण्णानं जेवणासाठी बंद केलेलं इंजिन परत चालू केलं आणि भडका झाला. दोन्ही हात भाजले, एक डोळा गेला. मालकानं तो व्हॉल्व्ह आणून तिच्या टेबलावर आपटला. "ही खूण कुणाची?"

तिनं व्हॉल्व्ह खोलला. आतल्या आट्यांत शिरलेलं तेल सुकत नाही, तिथं नाक नेलं. मग एकदाच माझ्याकडं बघितलं. मी तोंड उघडायला हवं होतं. नाही उघडलं.

"खूण माझी आहे," ती मालकाला म्हणाली.

तिला त्याच दिवशी काढलं. बसमध्ये माझ्याशेजारी बसून ती एवढंच बोलली, "तुमच्या हातातनं आला म्हणून वास घेतला नव्हता." पुढं कधी तो विषय काढला नाही. दर सोमवारी डबा घेऊन बसण्णाकडं जायची. मी कधी गेलो नाही. मी त्याच शेडमध्ये सीट घासत राहिलो. हो, राहिलो.

पण त्या दिवसापासनं ती माझ्या हातातली प्रत्येक वस्तू हुंगू लागली. चहा, औषधाची गोळी, सणाला आणलेला गजरासुद्धा. मुद्दाम नव्हे. हात आपोआप नाकाकडं जायचा, मग तिच्या ध्यानात यायचं आणि ती मान खाली घालायची. भांडली असती तर बरं झालं असतं.

तीन वर्षांनी तिच्या छातीत पाणी झालं. सरकारी दवाखान्यात तिला ऑक्सिजन लावला. तो पाण्याच्या बाटलीतनं बुडबुडत येतो. ती त्या बाटलीकडं बघून ओठ हलवत होती. मी कान लावला. एकोणतीस, अठ्ठावन्न, सत्याऐंशी. "हे काही पास व्हायचं नाही," म्हणाली आणि हसायला गेली, तर खोकला आला. नर्स ओरडली, "अम्मा, मातु बेडा." बोलू नका.

म्हटलं, आता सांगतो. "अगं, तो व्हॉल्व्ह..." एवढंच निघालं. तिनं बोटानं पाणी मागितलं.

मी चमचा भरून तोंडाशी नेला. तिचं नाक कुठं जातं ते बघत होतो. कुठंच गेलं नाही. ती सरळ प्यायली. आणखी एक चमचा दिला, तोही तसाच प्यायली. त्यानंतर तिनं काही घेतलं नाही, आणि संध्याकाळपर्यंत ती गेली.

मला माफ केलं म्हणून तिनं वास घेतला नाही, की वास घेण्याएवढा श्वासच उरला नव्हता? मी रोज विचारतो. घरात उत्तर द्यायला कुणी नाही.