बॅटरीला नारळाचं पाणी

वारूळवाडीत कुंडलिकाला ओळखतात ते त्याच्या पिकअपवरून. माणूस ऐसपैस, हसरा. गाडी त्याहून नटलेली. दर खंडेनवमीला तो तिला न्हाऊ घालतो, हळदीकुंकू लावतो आणि बॉनेट उघडून थेट इंजिनावर नारळ फोडतो. "पयला घोट तिचा," म्हणतो. पाणी बॅटरीवरून ओघळत राहतं. वर्षानुवर्षं हेच चाललेलं.

यंदा दसऱ्याच्या सकाळी गाडी झेंडूनं काठोकाठ भरली. फुलं आळेफाट्याला न्यायची होती. झेंडूचा मान दसऱ्याच्या दुपारपर्यंत. पुढं तो शेळ्यांच्या गव्हाणीत. कुंडलिकानं चावी फिरवली. टक्. पुन्हा फिरवली. पुन्हा टक्.

बॉनेट उघडलं, तर बॅटरीच्या लाल केबलच्या टोकाला हिरवट पीठ चढलेलं, आतल्या तारा कुजलेल्या. सणामुळं गॅरेजं बंद. नवी केबल मात्र घरात होती. उन्हाळ्यात आणून खुंटीला टांगलेली, आणि काल तिचीही पूजा झालेली.

कुंडलिकानं पाना उचलला. त्याच्या मनगटात भीमाशंकराहून आणलेलं तांब्याचं कडं. ते कधी काढायचं नाही, असा देवाला शब्द दिलेला.

"थांबा!" त्याची बायको वैजयंती ओट्यावरून ओरडली. विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर उघडायचं काम घरात तिचंच. "आधी लाल सोडताय? पाना बॉडीला टेकला तर दिवाळी आजच होईल. आन् ते कडं काढा."

"कडं न्हाई निघायचं. देवाला शब्द दिलाय."

"मग झेंडू इकायला देवालाच पाठवा."

कुंडलिक मनगटाला साबण लावून बसला. शब्द दिला तेव्हा मनगट सडपातळ होतं. कडं हललं नाही.

"राहू द्या," वैजयंती म्हणाली. "माझ्या बांगड्या काचेच्या हायेत. आणा तो पाना."

तिनं मंगळसूत्र पोलक्यात खोचलं. नवऱ्याचा गॉगल डोळ्यांवर चढवला. पान्याच्या दांड्याला सायकलची जुनी ट्यूब गुंडाळली. चावी काढून कनवटीला लावली. आधी काळी केबल सोडली आणि ती परत चिकटू नये म्हणून फडक्यात बांधून बाजूला सारली. मग लाल. खाली गाडीच्या स्टार्टरकडचं तिचं टोकही सोडलं. खायच्या सोड्याचं कोमट पाणी टाकताच टर्मिनलवरचं पीठ फसफसलं.

"बघितलं का? तुमच्या नारळाचा परसाद!"

"सावकाश, वैजू, सावकाश," कुंडलिक लांबून म्हणत होता.

"तुमी नुसतं मंत्र म्हणा. पूजा मी करते."

सगळं कोरडं पुसून नवी लाल केबल दोन्ही टोकांना घट्ट बसवली. काळी सगळ्यात शेवटी. वर व्हॅसलीनचं बोट फिरवलं. मग चावी कुंडलिकाच्या हातात दिली.

गाडी एका दमात गुरगुरली. झेंडू हिंदकळले, वैजयंतीच्या पदरात दोन-चार पडले. माध्यान्हीच्या आत फाट्यावर फुलं पोचली आणि गाडी रिकामी झाली. येईल त्या गिऱ्हाइकाला कुंडलिक सांगत होता, "राव, आज गाडी चालू केली ती आमच्या मंडळींनी!"

सांजेला आपट्याची पानं घेऊन तो घरी आला. दरवर्षी पहिलं सोनं गाडीला. यंदा ते वैजयंतीच्या हातात पडलं.

"पुढच्या साली नारळ चाकापुढं. दगडावर," तो म्हणाला.

"आन् पाणी?"

"तांब्यात धरीन. पयला घोट तुझा."