चेलोच्या कॅसेटमधला खोकला

लग्नाच्या कॅसेटी मिक्स करायचा माझा धंदा. सातवीत शाळा सुटली, म्हणजे शाळेनंच मला सोडलं. पण नवरी गुलाबातून बाहेर काढायची, नवरदेव बदामात बसवायचा, यात नाशिकरोडला आपल्यासारखा कोण नाय, असं माझं मत. माझं एकट्याचंच.

कॅसेटी मागं पडून सीडी आल्या तेव्हा मागच्या गल्लीतले काका दुकानात आले. नोटांच्या प्रेसमधून रिटायर झालेले. पिशवीतून कॅसेट अशी काढली, जसं काय आत बाळ झोपलंय. परदेशातल्या कुठल्या जुन्या मैफलीचं शूटिंग, कधीतरी टीव्हीवरून उतरवून घेतलेलं. काळंपांढरं चित्र. कोटातली शंभरेक माणसं वाजवतायत आणि मधोमध एक टकला बाबा गुडघ्यांत भलंमोठं व्हायोलिन धरून बसलाय.

"चेलो म्हणतात त्याला," काका म्हणाले. "तुझ्या काकूला लकवा झालाय. बोलत नाही. चमच्यानं पाणी पाजायला गेलं की तोंड मिटून घेते. ही कॅसेट लावली तरच पिते. आता चित्र हलायला लागलंय रे. जशीच्या तशी सीडीवर उतरव हं."

"काका, एक नंबर काम करतो," मी म्हणालो. मी असं म्हणालो की शहाण्या गिऱ्हाईकानं पळून जावं. काका नाय पळाले.

कॅसेटला आतून बुरशी. स्पिरिटनं पुसून एकदा चालवली, कॉम्प्युटरात घेतली. उलटी फिरवायला गेलो तर टेप व्हीसीआरमध्ये शेवयांसारखी गुंडाळली, कामातून गेली. म्हटलं, जाऊ दे, कॉम्प्युटरात आहे ना.

मग मिक्सिंगला बसलो. जशीच्या तशी दिली तर आपली कला कुठं दिसणार? सुरुवातीला गणपती टाकला. टकल्या बाबाच्या तोंडाभोवती बदाम काढला. मध्ये एका ठिकाणी सगळे वाजवायचे थांबले होते. बाबा रुमालानं कपाळ पुसतोय, ऐकायला आलेले लोक खोकतायत, कुठंतरी खुर्ची करकरतेय. लग्नाच्या कॅसेटीत आवाज गेला की गिऱ्हाईक दुकानात येऊन आई-बाप काढतं. तेवढं सगळं कापलं. जोड अशी बसवली की स्वतःचीच पाठ थोपटली. दुसऱ्या दिवशी सिन्नरचं लग्न भरायचं होतं, कॉम्प्युटरात जागा नाय, म्हणून मूळचं सगळं उडवलं.

सीडी लावायला काकांच्या घरी मीच गेलो, कौतुक ऐकायला. काकू पलंगावर, काका शेजारी चमचा घेऊन. गणपती आला तसे काका हसले.

"अरे, गोऱ्या साहेबांच्या मैफलीला गणपती?"

"शुभ असतं काका."

बदाम आला. "बघ गं," काका काकूला म्हणाले, "आपल्या लग्नात नव्हता एवढा थाट."

संथ वाजवणं सुरू झालं. काकूची नजर टीव्हीवर. काकांनी फुलपात्रातून चमचा भरला, पुढं वाकले. मला हळूच म्हणाले, "आता थांबतील बघ. थांबले की ही तोंड उघडते. रोजचं आहे."

संथ संपलं आणि एका दमात शंभर माणसं धाडकन सुरू झाली. काकू दचकली. पाणी गळ्यावर सांडलं. तोंड गच्च.

"थांबले नाहीत," काका म्हणाले.

मी सांगितलं, कापलं म्हणून.

"मग माझी कॅसेट दे."

तेही सांगितलं. काकांनी नुसता काकूचा गळा पुसला. शिव्या दिल्या असत्या तर मला जमलं असतं, सवय आहे.

परत लावलं. त्या जागेवर मी रिमोट दाबला. बाबा बदामातच थिजला. चमचा ओठाशी, पण ओठ बंद.

"खोकतात ना तिथं," काका म्हणाले.

मग मी खोकलो. एक जाडा माणूस खोकलो, एक म्हातारी खोकलो, बूड हलवून खुर्चीही करकरवली. काकूनं टीव्हीवरची नजर काढून माझ्यावर ठेवली. लय वेळ.

"तुला सर्दी झालीय वाटत असेल तिला," काका म्हणाले. "परत लाव."

परत लावलं, परत थांबवलं, परत खोकलो. काकांच्या हातातला चमचा निम्मा सांडलेला. काकू माझ्याकडंच बघत होती. तेवढ्यात मला खरोखरचा ठसका लागला आणि थांबेचना. काकांनी काकूच्या उशाचं फुलपात्र माझ्यापुढं केलं.

ते पाणी मी प्यालो.