कॉन्टेसाच्या स्प्रिंगा

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. सांगायला घेतलं की मी गाडीबद्दलच बोलत सुटतो — तिचं इंजिन, तो लांबलचक बॉनेट — आणि मुद्दा बाजूला राहतो. बघा, आत्ताही गाडीपासूनच सुरुवात केली.

बाबांची काळी कॉन्टेसा होती. आपल्याकडे मसल कार म्हणावी अशी ही एकच, असं ते येईल त्याला ऐकवायचे. जन्मभर सरकारी फायलींवर सह्या केलेला माणूस, पण स्टीअरिंगवर बसला की छाती अशी काढायचा की मला वैताग यायचा. निवृत्तीनंतर आम्ही नोएडात राहायला आलो तरी दर रविवारी तिला घेऊन दिल्लीत कोपर्निकस मार्गावर जाणं चुकलं नाही. त्यांचे जुने ऑफिसवाले तिथे नाश्त्याला जमत.

एकदा दिल्लीतच हिंदूराव हॉस्पिटलच्या उतारावर मी त्यांच्या शेजारी बसलो होतो. हॉस्पिटलमधून एक बाई म्हाताऱ्या माणसाला धरून रस्ता ओलांडत होती. मला ती दोघं लांबूनच दिसली. बाबांना दिसली ती अगदी बॉनेटसमोर. ब्रेक लागला, कुणाला काही झालं नाही. "कुठून येतात ही माणसं अचानक!" बाबा म्हणाले. आणि मी? मी खिडकीची काच वर घेतली.

तेव्हाच बोलायला हवं होतं ना? बाबा, तुम्हाला नीट दिसत नाहीये. चला, डोळे दाखवू. कितीशी वाक्यं होती? पण बाबांना काही सुचवायचं म्हणजे ताटावरून उठणं, आठवडाभर अबोला, मध्ये आईची फरफट. त्या सगळ्याचा मला कंटाळा आला होता. हो, कंटाळा. पुढे जे केलं त्याला ती उतारावरची बाई हे कारण मी स्वतःला नंतर पुरवलं.

गाडीच्या स्प्रिंगा दमल्या होत्या. बदलून आणतो म्हणालो. बाबा इतके खूश झाले की यार, त्या खुशीचाही मला राग आला.

शौकीन पोरं गाडी जमिनीजवळ आणायला आखूड स्प्रिंगा बसवतात. अशी स्प्रिंग कडक असावी लागते, नाहीतर गाडी जरा उसळली की पोट टेकते. हे मी रात्ररात्र वाचलं होतं. निवड करायला माणूस वाचतो ना, तसंच — फक्त मी उलट्या बाजूने निवडत होतो. कश्मीरी गेटच्या स्पेअरपार्टवाल्या दुकानदाराने तर बजावलंच, "ये वाली मत लो सर, छोटी भी है और नरम भी. हर ब्रेकर पे नीचे लगेगी."

"यही दे दो," मी म्हणालो.

वाटलं होतं, बाबा वैतागतील, गाडीला शिव्या घालतील आणि सोडून देतील. भांडण होईल ते त्यांचं आणि गाडीचं. किती हुशार मी!

बाबा गाडीला एक शब्द बोलले नाहीत. पहिल्याच दिवशी सोसायटीच्या ब्रेकरवर खालून खर्रकन आवाज आला. ते उतरले, गाडीभोवती फिरले, चाकाशी वाकून डोळे बारीक करून बघत राहिले. मग मला विचारलं, "ही खाली बसलीय का रे?"

ऐका आता. मला सांगायचं होतं ते हे.

मी म्हणालो, "नाही हो बाबा. तुम्हाला वाटतंय. गाडी आहे तशीच आहे. तुमचा अंदाज चुकला असेल."

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि "अच्छा" म्हणाले. भांडले नाहीत! जन्मभर प्रत्येक गोष्टीवर भांडलेला माणूस नेमका तेव्हा भांडला नाही. का नाही भांडलात, बाबा?

नंतर ते ब्रेकर आला की गाडी जवळजवळ थांबवायचे, तिरकी घ्यायचे, श्वास धरायचे. तरी घासायचीच. एका रविवारी कोपर्निकस मार्गावर सगळ्या मित्रांदेखत ती ब्रेकरवर टेकली आणि अडकली. चार जणांनी ढकलली. देशमुखकाका हसत म्हणाले, "साहेब, वय झालं आता!" बाबाही हसले. घरी येऊन त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली.

जिंकलो की मी. मग ते रस्ता ओलांडताना माझी बाही धरू लागले. गॅस बंद केलाय ना, हे आईला पुन्हा पुन्हा विचारू लागले. चहा कपात ओततानाही थांबायचे — "बरोबर ओततोय ना?" आणि नातेवाईक मला म्हणायचे, मुलगा असावा तर असा, हौसेने नव्या स्प्रिंगा आणून दिल्या!

काही महिन्यांनी आईनेच त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. नुसता मोतीबिंदू होता. दोन छोटी ऑपरेशन्स झाली आणि बाबा बाल्कनीतून समोरच्या इमारतीवरची कबुतरं मोजायला लागले. मी घाईघाईने म्हणालो, बाबा, आता चालवा की गाडी. मनात ठरवलंही होतं, गुपचूप जुन्या मापाच्या स्प्रिंगा लावून टाकू.

"नजर परत आली रे," ते म्हणाले, "पण अंदाज गेला माझा."

तेव्हा तरी सांगायचं! तोंडापर्यंत आलं होतं. मी म्हणालो, "बरं, राहू दे."

पुढे दिल्ली-नोएडात जुन्या गाड्यांवर बंदी आली आणि कॉन्टेसा भंगारात गेली. थोडा थांबलो असतो तर सरकारनेच ती अडवली असती. बाबांनी सरकारला यथेच्छ शिव्या दिल्या असत्या आणि ताठ मानेने फिरले असते.

बाबा गेले तेव्हा देशमुखकाका भेटायला आले होते. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "शेवटी शेवटी अंदाज राहिला नव्हता बिचाऱ्याला."

मी म्हणालो, "हो ना, काका."

त्यांचा अंदाज बिल्कुल बरोबर होता. गाडी खाली बसली होती.