दारोड्याचा मेसेज

खून, दरोडे, दंगली सगळं पाहिलं, त्यातलं निम्मं विसरलोही. पण एका साध्या गाडीचोरीची केस मात्र आजही डोक्यातून जात नाही.

मी तेव्हा वर्धा जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा ठाणेदार होतो. सकाळची हजेरी आटोपत होती, तेवढ्यात अल्लीपूरकडचा एक शेतकरी फिर्याद घेऊन आला. त्याच्या नावावरची पिकअप धाकट्या भावाने नेली होती. गाडी बापाने घेतलेली, धाकट्याने चार वर्षं चालवलेली, आणि वाटणीत बापाने ती थोरल्याच्या नावे करून दिली. धाकट्याने त्याच दिवशी चावी उचलली आणि घर सोडलं. फोनही बंद.

"गाडीला फास्टॅग असेल ना?" मी विचारलं.

"बाबानं काढलेला जुना हाये साहेब. बंदच पडला असन."

मी मान डोलावली आणि गुन्हा दाखल करून घेतला. फिर्यादी सांगतो ते लिहून घ्यायचं असतं, तपासल्याशिवाय खरं मानायचं नसतं, हे मी शिपायांना घसा कोरडा होईस्तोवर शिकवायचो. स्वतः मात्र गाफील राहिलो.

चार महिने गाडीचा पत्ता नाही. मग एका दुपारी त्यांच्या गावचा मोबाईल दुकानदार ठाण्यात आला. इकडेतिकडे पाहून हळूच म्हणाला, "साहेब, गाडी चोरीले गेली म्हणता, अन् त्याईचा म्हातारा बाप तं दर महिन्याले माह्याकडून तिचा टॅग भरून राह्यला!"

म्हाताऱ्याला बोलावलं. सत्तरीचा माणूस, स्वच्छ धोतर, खांद्यावर दुपट्टा. तासभर तोंडातून अक्षर निघेना. हवालदार तापला. "बाबाजी, चोराले साथ देणंबी गुन्हा असते, मालूम हाये का?"

"माह्या पोरानं माह्या घरची गाडी नेली, तं तो चोर कसा?" म्हातारा म्हणाला.

मी हवालदाराला बाहेर पाठवलं आणि चहा मागवला. चहा निम्मा झाल्यावर त्याने बंडीच्या खिशातून आपला फोन काढून माझ्यासमोर ठेवला. टॅग अजून त्याच्याच नंबरवर होता. गाडी कुठल्याही टोलनाक्यावरून गेली की मेसेज त्याला यायचा. बोरखेडी, दारोडा, केळापूर. इंग्रजी अक्षरं जुळवून तो नाव वाचायचा आणि घरच्या कॅलेंडरवर त्या तारखेला लिहून ठेवायचा.

"त्याचा फोन लागत नाई साहेब. पण मेसेज आला का समजते, पोरगं जित्तं हाये, धंद्यावर हाये. दारोडा आलं म्हणजे तं आपल्या घराजवळूनच गेला. दोनदा मी एसटीनं जाऊन तिथं उभा राह्यलो. पण इतक्या गाड्याईत ओळखू येत नाई, अन् मेसेज येते तवा पोरगं पुढं निघून गेलेलं असते."

"आता परत कधी जाईल?"

त्याने फोन उचलून परत बंडीच्या खिशात ठेवला.

"बाबाजी, गाडीचं मला काही नाही. पोरगा घरी आणून देतो. माझा शब्द."

त्याने माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं. मग म्हणाला, "गुरुवारी. कॅलेंडरवर बहुतेक गुरुवारी दारोडाच हाये, दहाच्या मांगंपुढं."

लपवण्यात अर्थ नाही. तो शब्द मी फक्त त्याला बोलतं करण्यासाठी दिला होता.

गुरुवारी दारोड्याच्या नाक्यावर साध्या कपड्यांत सापळा लावला. सव्वादहाला पिकअप रांगेत लागली, मागे संत्र्यांचे क्रेट. पोरगा पळाला नाही. खाली उतरून त्याने चावी माझ्या हातात दिली.

ठाण्यात मी त्याच्यावर खेकसलो, "चोरीची गाडी घेऊन टोलवरून जातो, अक्कल आहे का? नाका चुकवायला गावातून रस्ता आहे, हे साऱ्या ड्रायव्हरांना ठाऊक आहे."

"मलेबी ठाऊक हाये साहेब." तो मान खाली घालून म्हणाला. "मी एकदाबी टॅग भरला नाई, तरी तो कधी बंद पडला नाई. कोण भरून राह्यलं, समजत होतं. नाक्यावरून नाई गेलो, तं बाबाले मेसेज कसा जाईन?" मग घाईघाईने म्हणाला, "पण त्याईले सांगू नका. माहा राग अजून गेला नाई."

गुन्ह्याशी संबंध नाही म्हणून मी हे जबाबात घेतलं नाही. बापालाही सांगितलं नाही. पुढे कोर्टाच्या आदेशाने गाडी सुपुर्दनाम्यावर थोरल्याच्या ताब्यात गेली. धाकट्याला जामीन झाला आणि तो कोर्टातूनच परस्पर निघून गेला. आम्हाला दिलेला मोबाईल नंबर आठवड्यात बंद पडला. वरिष्ठांनी मात्र माझी पाठ थोपटली.

दोन महिन्यांनी म्हातारा ठाण्यात आला. मी दिलेल्या शब्दाबद्दल अवाक्षरही काढलं नाही. त्याने चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. "गाडी आंगणात उभी हाये साहेब. आता मेसेज येत नाई," इतकंच म्हणाला.

माझ्याच्याने राहवलं नाही. पोरगा काय बोलला होता, ते सगळं सांगून टाकलं. म्हाताऱ्याने दुपट्ट्यात तोंड खुपसलं आणि हुंदके देऊन रडला. मुद्देमाल हाती आला की तपास संपला, असं आमचे कागद म्हणतात. बापलेकातला एकुलता एक धागा मी तोडला होता, त्याचा पंचनामा कुठल्या फायलीत नाही. लाज वाटली मला त्या खुर्चीची. त्यानंतर नोकरीत कुणालाही मी खोटा शब्द देऊन बोलतं केलं नाही.

डोळे पुसून म्हातारा म्हणाला, "मंग आता तो दुसऱ्या कोणाची गाडी चालवत असन. तुम्ही तं पोलीस, तेवढा तिचा नंबर काढून द्या ना साहेब. तिचाबी टॅग मी भरतो."

शोधतो म्हणालो. निवृत्त होऊनही शोधतोच आहे.