ऐंशी सेंटिमीटरची उडी

लोणंदच्या शिक्षकांशी व्हॉलीबॉलचा सामना ठरला आणि आमच्या वाईच्या शाळेच्या संघात एकच जागा उरली. मी शिकवतो भौतिकशास्त्र, पण ती जागा मला हवीच होती. मग मोबाइलवर माझ्या उभ्या उडीचं चित्रण केलं. पाय सुटल्यापासून टेकेपर्यंत ०.४ सेकंद. त्याचा वर्ग, गुणिले गुरुत्वत्वरण दहा, भागिले दोन. ऐंशी सेंटिमीटर! उत्तर मी स्टाफरूमच्या फळ्यावरच लिहिलं.

आमचे खेळाचे सर माजी फौजी. म्हणाले, "लय भारी! मग जाळ्यावरून चेंडू कशाला, तुमीच जावा की!" आणि भरतीच्या पोरांना नेतात तसं मला भिंतीपाशी नेलं. बोटांना खडूची पूड लावली. उभ्यानं हात वर करून एक खूण, उडी मारून दुसरी. मधलं अंतर सतरा सेंटिमीटर.

"भिंत खोटं बोलत न्हाई, सर."

अर्धा वेळ वर जाण्यात जातो, अर्धा खाली येण्यात, हे मी दरवर्षी मुलांना ओरडून सांगतो. स्वतःच्या उडीला मात्र सगळाच्या सगळा वेळ बहाल केला होता. सूत्रात ०.२ घातले, उत्तर वीस आलं.

पण भिंतीवरच्या सतराहून वरचे तीन कुठले? चित्रण हळू लावून पाहिलं. उतरताना मी बेडकासारखे पाय पोटाशी घेत होतो, म्हणून ते जमिनीला उशिरा टेकत होते.

"सर, सापडले!" मी ओरडलो.

"ब्येस. आता सामन्यात गुण लिवायला बसा," ते म्हणाले. "फकस्त आपले चौपट करू नका."