तिकीट बांधलेले तवसे

वैशाख सरत आला होता. सकाळची पूजा आटोपून मी परसातल्या काकडीच्या आळ्याला पाणी घालीत होतो, तोच घरात फोन वाजला. दाजींच्या पत्नीचा, म्हणजे वहिनींचा, आवाज होता. "गुरुजीनू, हे गेले… चाय घेतल्यानी, भिंतीक टेकले आणि गेले." मग त्याच पुढे म्हणाल्या, "उठल्याबरोबर माका इचारल्यानी, गुरुजींनी तवशाच्या आळ्याक पाणी घातल्यानी आसतला मां? तुमी घातलास काय?" तांब्या अजून माझ्या हातातच होता. "घातले हो, वहिनी," एवढेच मला सांगता आले.

आता आषाढ संपत आला आहे. दाजींविषयी लिहावे म्हणून बसलो, तर मनात शोकाच्या आधी उत्साहच उसळी घेतो. वाचकांनी याबद्दल मला क्षमा करावी. ज्या गृहस्थाने चाळीस वर्षांत मला एकदाही उदास बसू दिले नाही, त्याची आठवण उदासपणे कशी काढावी, हे मला साधत नाही.

दाजी एस.टी.त वाहक होते. कणकवलीच्या ज्या शाळेत मी संस्कृत शिकवीत असे, तिकडे कसालहून जाणारी सकाळची गाडी पुष्कळ वर्षे त्यांच्याकडे होती. आपल्याकडे शिक्षकाला मास्तर म्हणतात आणि एस.टी.च्या वाहकालाही मास्तरच म्हणतात. गाडीत कुणी "मास्तरानू!" अशी हाक मारली की आम्ही दोघेही वळून पाहत असू. एकदा मी त्यांना म्हणालो, "दाजी, संस्कृतात अशा जोडीची फार सुंदर सोय आहे. सारखीच दोन नामे एकत्र आली की एक गळते आणि एक उरते. पण जे उरते ते द्विवचनात चालते, दोघांचाही अर्थ वाहते. त्याला एकशेष म्हणतात." दाजींनी हातातल्या तिकिटाला टक्कन भोक पाडले आणि सगळ्या गाडीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारले, "म्हणजे माणसा दोन आणि तिकीट एक? गुरुजीनू, तुमच्या संस्कृतात चालत आसात, माझ्या गाडयेत चालाचा नाय!"

त्यांचे एक लक्ष गाडीतल्या प्रवाशांवर असे, तर दुसरे खिडकीबाहेरच्या परसांवर. एखाद्या मांडवावर हातभर लांब पडवळ लोंबताना दिसले की ते चालकाला ओरडून सांगत, "अरे, हळू घे रे, पडवळ बघूया!" चालकही काही कमी नव्हता. "दाजी, पडवळाक हाफ काढूया की फुल?" असे तो विचारी आणि सारी गाडी हसे. पण सुटीच्या दिवशी दाजी खरोखरच त्या घराच्या पायरीवर जाऊन बसत. घरच्या बाईला ते तीन प्रश्न विचारीत. कधी पेरलास? पाणी किती घालतास? आणि घरातल्या पोरांक आवाडता काय? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मनासारखे आले तरच ते बी मागत. नुसत्या रूपावर भुलून त्यांनी कधी बी घेतले नाही. बाजारातल्या रंगीत पाकिटांवरची चित्रे पाहून म्हणत, "फोटो झकास आसा. पण ह्याका इचारू काय?"

यंत्रातून तिकिटे निघू लागली, तेव्हा जुन्या तिकिटांची कप्प्याकप्प्यांची पत्र्याची पेटी निकामी झाली. दाजींनी ती जपून ठेवली आणि तिच्या कप्प्यांत बियांच्या पुड्या लावल्या. एका कप्प्यात भेंडी, एकात दोडकी, एकात लाल माठाचे मोहरीहूनही बारीक, काळेभोर, चकचकीत बी. कोपऱ्यात तुळस आणि सब्जा. आणि शेवटच्या दोन कप्प्यांत गोंडे, तेरडा, अबोली. दर वर्षी अक्षय्य तृतीयेला मी दुपारची विश्रांती न घेता त्यांच्या पडवीत जात असे. 'अक्षय्य' म्हणजे जे क्षय पावत नाही ते. त्या दिवशी परसात आळी करून बी लावण्याची आपली रीत आहे, आणि त्या रीतीचा अर्थ मला ग्रंथांपेक्षा त्या पत्र्याच्या पेटीपाशी अधिक उमगला. दाजी सुपात पुडी ओतीत, बोटाने एकेक दाणा पुढे सरकवीत, शंका आलेला दाणा पाण्यात टाकीत. "हंय बुडता तोच पास!" तरंगणारे बी ते बाजूला काढीत, तेही उगाच नापास केल्यासारखे नव्हे, तर निरोप दिल्यासारखे. अबोलीच्या वाळल्या बोंडांवर ते पाण्याचा थेंब सोडीत आणि क्षणभर वाट पाहत. बोंड तट्कन फुटून बी उडाले की सत्तरीतला तो माणूस टाळी वाजवी! "बघितलात? पावसाक किती आतुर झाला हा ता!" त्यांचे पाहून मीही टाळी वाजवीत असे, हे आज कबूल करण्यास हरकत नाही.

पण दाजींची खरी विद्या वेलावरच्या फळाची निवड करण्यात होती. वेलावर जे फळ सगळ्यांत सुडौल, निरोगी आणि भरदार, ते खायचे नाही, बियाला ठेवायचे, असा त्यांचा नेम होता. त्या फळाच्या देठाला ते बाद झालेल्या जुन्या तिकिटांतले एक सुतळीने बांधीत आणि चिमट्याने त्याला भोक पाडीत. "ह्याचा तिकीट काढलला आसा. ह्या शेवटच्या स्टॉपापर्यंत जातला. मधी कोणी उतरवूचा नाय." घरातल्या कुणाची त्या फळाला हात लावायची छाती नव्हती. मला मात्र ही गोष्ट मनातून टोचत असे. जे उत्तम ते आधी देवाला, अशा संस्कारात मी वाढलो. उत्तम फळ वेलावरच पिकू द्यायचे आणि देवापुढे दुय्यम ठेवायचे, हे माझ्या बुद्धीला पटत नव्हते.

आमच्या बियांत सर्वांत मोलाचे होते कांकणाचे तवसे. तवसे म्हणजे आपल्याकडची पावसाळी मोठी काकडी. या जातीच्या हिरव्या अंगावर पांढऱ्या रेघा असतात आणि देठाशी कांकणासारखे एक तांबूस वलय असते. आणि देठापर्यंत ती कुठेही कडू लागत नाही. एका आडगावच्या वृद्ध बाईकडून दाजींना या तवशाच्या सात बिया मिळाल्या होत्या. ती बाई पुढे वारली, तिचे घरही बंद झाले. तीन वर्षांपूर्वी पाऊस इतका लागला की दाजींचा वेल मुळाशी कुजला. उरलेले बी वाटून टाकण्याची त्यांची सवय होती. ज्यांना दिले त्यांचेही वेल गेले. राहिला तो माझ्या परसातला एक वेल आणि त्यावर एकच फळ. दाजी भिजत आले, त्याला तिकीट बांधले आणि गाठ दोनदा ओढून पाहिली.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी मी गणपतीच्या डोक्यावर टांगायची माटवी सजवीत होतो. नारळ आले, सुपारीचा घोस आला, कवंडळाचे तांबडे रानफळ आले. तवसे मात्र कुठेच मिळेना. मी परसात गेलो. ते फळ पानाआड असे तेजाळ दिसत होते की हे देवासाठीच वाढले, असे माझ्या मनाने घेतले. मी सुतळीची गाठ सोडली, तिकीट कमरेला खोवले आणि फळ काढले. दुसऱ्या दिवशी दर्शनाला आलेल्या दाजींनी मान वर करून माटवीकडे पाहिले. मग हळूच म्हणाले, "देवाक दिलात ता बरा केलात, गुरुजीनू. पण देवान फुडल्या वर्षी काय खावचा?" आणि मी, आयुष्यभर मुलांना सत्याचे पाठ शिकवलेला मी, गणपतीसमोर उभा राहून म्हणालो, "तिकीट पावसात गळून पडले असावे, दाजी. मला ओळखू आले नाही."

त्यांनी मला दोष दिला नाही. दुसऱ्या आठवड्यापासून ते ज्येष्ठांचा पास घेऊन एस.टी.ने फिरू लागले, एवढेच. दोन पावसाळे ते खिडकीशी बसून परसांत कांकणाचे तवसे शोधीत होते. संध्याकाळी फोन येई, "आज कुडाळच्या वाटेक बघितलंय. नाय गावला. उद्या आचऱ्याक जातंय!" त्या आवाजात निराशेचा लवलेश नसे. खरे सांगावे म्हणून मी कितीदा फोन उचलला आणि परत ठेवला…

गेल्या वर्षी चतुर्थीनंतर काही दिवसांनी, भर दुपारी, त्यांचा फोन आला. मागे लाटांचा आवाज होता. "गुरुजीनू, गावला! गावला! देवबागाक आसय मी! तुमच्या देवान खाल्लला तवसा हंय येवन उतारला! तेवय विनातिकीट!" मला काहीच उलगडेना. तेवढ्यात फोन जनाबायच्या हातात गेला. जनाबाय म्हणजे देवबागहून एस.टी.ने टोपली घेऊन कसालच्या बाजारात येणारी मासेविक्रेती. दाजींची जुनी प्रवासी. विसर्जनानंतर माटवीतली फळे वाटताना माझ्या पत्नीने ते तवसे तिला प्रसाद म्हणून दिले होते, हे मला तेव्हाच कळले. "जून झाल्ला ओ ता, दात लागना," ती सांगत होती. "पण देवाचो परसाद, फेकतलंय कसो? कोनाड्यात ठेवलंय. पिकान पिवळा झाला तेवा बियो घराकडे पुरलंय. दर वर्षी तेच्याच बियो घालतंय, औंदाचो वेल फाटक्या जाळयार चडलो हा. ह्ये दाजी गाडी थांबवन उडी मारून इले, माका वाटला कोण बुडलो काय!" मागून दाजी ओरडले, "कांकाण आसा, गुरुजीनू! देठाक कांकाण आसा!" देवघरासमोर उभा राहून मी फोन छातीशी धरला. देवाला देणे आणि बियाला ठेवणे, ही दोन्ही कामे त्या एकाच फळाने केली होती.

यंदाच्या अक्षय्य तृतीयेला त्यांनी पेटी उघडून पाच बिया माझ्या तळहातावर ठेवल्या. तळहात मिटण्याआधी मी म्हणालो, "दाजी, त्या वेळी पावसाने तिकीट गळले नव्हते. मी सोडले होते."

"माका तेच दिवशी कळला," ते म्हणाले आणि सुपातले बी निवडत राहिले. "पाऊस कागद भिजवता, फाडता, व्हावन नेता. पण पाऊस गाठ सोडणा नाय, गुरुजीनू. सुतळी वेलार गावाक व्हयी होती."

"मग इतके दिवस बोलला का नाहीत?"

"तुमी सांगशात म्हणान वाट बघी होतंय. नायतरी बी घातल्यार लगेच उकरून बघूचा नसता." मग ते हसले. "आणि गुन्हो मोठो आसा हां. तिकीट काढलल्या पॅसेंजराक मधीच उतरवलात!" ती आमची शेवटची भेट. पुढच्या पंधरवड्यातच तो फोन आला.

तेराव्यानंतर वहिनींनी ती पत्र्याची पेटी माझ्यापुढे आणून ठेवली. "ह्यांनी काय सांगून ठेवल्यानी नाय हां, मी माझ्याच मनान देतंय. माका ह्यातला काय कळणा नाय. तुमकाय कळता असा नाय, पण तुमी इचारशात तरी." पेटीत बियांच्या पुड्या जशाच्या तशा होत्या. एका बाजूला भोके पाडायचा चिमटा होता, सुतळीची गुंडी होती आणि जुन्या तिकिटांतले एकच शिल्लक होते.

पाचांपैकी तीन बिया उगवल्या. वेल मांडवावर चढले आहेत आणि परवाच्या उघडिपीत मी पाने बाजूला सारली, तो पहिले फळ… पांढऱ्या रेघा, देठाशी तांबूस कांकण! सत्तरी उलटलेल्या माणसाने परसात एकट्याने टाळी वाजवावी का, हे शास्त्रात कुठे सांगितलेले नाही, मी वाजवली. श्रावण आला की चतुर्थी दूर नाही, आणि जुनी बुद्धी लगेच जागी झाली की यंदाचे पहिले फळ माटवीला. मी घरात जाऊन पेटी आणली. चिमट्याने तिकिटाला भोक पाडले, टक्! आणि ते देठाला बांधले. माटवीला दुसरे येईल. देवाला वाट पाहता येते.

कुंपणापलीकडून हाक आली, "मास्तरानू!" मी वळलो. जनाबाय डोक्यावरची टोपली सावरत उभी होती. "तवसा बरा धरला हा. काढूचा नाय?"

"नाही गो. त्याचे तिकीट काढले आहे."

"किती जणांचा?"

"दोघांचे," मी म्हणालो, आणि गाठ आणखी एकदा ओढून पाहिली.